फॉर्मवरचं पहिलं नाव

"मालक, तुमी जरा बाहेर गाडीत जाऊन बसा. एक तास आत यायचं न्हाय."

विरूअण्णा हे वाक्य ज्याला ऐकवायचे तो माणूस साधासुधा नसायचा. कुणाची गुळाची पेढी, कुणाचं नर्सिंग होम, कुणाची बागायत आणि वर पेट्रोल पंप. अशा माणसाला त्याच्याच सोफ्यावरून उठवून त्याच्याच गाडीत बसवायचं. मग दार लावून घ्यायचं आणि त्याच्या बायकापोरांना सांगायचं, "आता मालक न्हाईत असं समजा. विम्याचे कागद काढा. लॉकरची चावी दावा. ठेवी कुठं कुठं हायत ते सांगा." याला ते परीक्षा म्हणत. ही परीक्षा घेतल्याशिवाय ते कुणाच्या पैशाला हात लावत नसत.

पहिली परीक्षा मी पाहिली ती माझ्याच एका अशिलाकडे, राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांच्या घरी. अण्णांना तिथं मीच घेऊन गेले होते, त्यामुळे अब्रूचा प्रश्न माझा होता. डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडलं. त्यातून लग्नाचा अल्बम निघाला, मुलीचे दुधाचे दात निघाले, मुदत संपलेल्या तीन पॉलिस्या निघाल्या आणि एक चावी निघाली. चावी कसली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई सवयीनं खिडकीशी गेल्या आणि खाली ओरडल्या, "अहो, ही चावी कसली?"

अण्णांनी जाऊन खिडकी लावून टाकली. "ते न्हाईत, वहिनी. कुणाला इचारालाय?"

बाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. आतून सासूबाई आल्या आणि असल्या अभद्र माणसाला घरात कुणी घेतलं म्हणून माझ्याकडे बघायला लागल्या. खाली डॉक्टर हॉर्न वाजवत होते. जिना उतरताना मी अण्णांना सुनावलं, की माणसाला थोडी रीतभात असावी. ते दोन पायऱ्या पुढं होते. मागं न बघताच म्हणाले, "अक्का, त्या आज रडल्या ते बरं झालं. खरं रडायची येळ येईल तवा चावी हुडकायला नको."

"आणि सासूबाई म्हणाल्या ते? मरणाचं नाव काढलंत म्हणून?"

"नाव काढलं की येतंय व्हय? मग रोज पैशाचं नाव काढतोय की आमी. तो कुठं येतोय?"

मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणत. गडहिंग्लजकडची माणसं, घरात निम्मं कानडी. नेसरीच्या बाजारात वडिलांचं भुसारी दुकान होतं. हे शिकून कोल्हापुरात आले, बँकेत रोखपाल झाले आणि नव्वदचं दशक सुरू होता होता चांगली नोकरी सोडून बसले. 'बसले' हा शब्द मात्र चुकला. शाहूपुरीत एकाच जिन्यावर समोरासमोर आमची ऑफिसं होती. मी नुकती सीए होऊन पाटी लावलेली, त्यांच्या दाराला पाटीही नव्हती. इतक्या वर्षांत त्यांना मी खुर्चीत टेकलेलं पाहिलं ते फार तर चार वेळा. चहा पॅसेजमध्ये फेऱ्या मारत प्यायचे. फोनची तार जाईल तिथपर्यंत रिसीव्हर घेऊन जायचे आणि मग फोन खाली आपटायचा. माझ्या केबिनमध्ये दिवसातून चारदा यायचे, दाराशी उभं राहून एकच शंका चार प्रकारे विचारायचे. मी खुर्ची पुढं केली की हात हलवत "ब्याड, ब्याड" म्हणजे नको, नको. त्या हातात नेहमी कुठल्या तरी जुन्या पावतीची घडी असायची, आणि ती घडी उलगडणं नि घालणं चालूच.

त्या काळात कोल्हापुरात पैसेवाल्या माणसाचं गणित सोपं होतं. सोनं, जमीन, ओळखीची पतसंस्था आणि मेहुण्याचा धंदा. यापलीकडे पैसा ठेवायला जागा असते हेच पटायचं नाही. श्रीमंत घराचा पैसा नीट वाटून, धोका तोलून ठेवणं हा कुणाचा उद्योग असू शकतो, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. लोक अण्णांना एजंट म्हणत. ते स्वतःही तेच म्हणत. गुंतवणुकीचा फॉर्म भरताना बोट ठेवून सांगत, "ह्यातलं एवढं मला मिळतंय. नंतर कुणाकडनं कळाय नको." असं सांगणारा दुसरा एजंट मी तरी पाहिलेला नाही.

त्यांची एक खोड मला फार उशिरा कळली. बाजार पडला की ते निवांत असत. चढला की त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. डॉट कॉमच्या तेजीत अख्खं गाव कॉम्प्युटरच्या शेअरवर बोलत होतं, भवानी मंडपातला फुलवालासुद्धा. आणि हे माझ्या दाराशी येऊन म्हणत, "अक्का, लई चढालंय. कायतरी चुकालंय." मी म्हणे, "अण्णा, चढलंय तर आनंद करा." त्यावर त्यांचं ठरलेलं, "पडला की माणूस गप ऱ्हातोय. चढला की आयकत न्हाय. न आयकणाऱ्या माणसाचं भ्या वाटतंय मला." त्या वर्षी त्यांनी घरोघर फिरून लोकांना विकायला लावलं, शिव्या खाल्ल्या, आणि बाजार आपटल्यावर कुणी आभार मानायला आलं नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

सागवानाचा किस्सा त्याच्याही आधीचा. तेव्हा सागाच्या बागांचं पेव फुटलं होतं. पैसे भरा, झाडाचा नंबर घ्या, वीस वर्षांनी लखपती व्हा. लक्ष्मीपुरीतले एक गुळाचे व्यापारी आधीच थोडे पैसे भरून बसले होते आणि आता पोरीच्या लग्नाचेही भरणार होते. अण्णा त्यांना म्हणाले, "भरा की. पर तुमचं झाड तरी बघूया." ऐन एप्रिलात त्यांना त्यांच्याच गाडीत घालून घाट उतरून नेलं. बाग म्हणजे काटेरी तारेतला एक माळ होता. ओळीनं पत्र्याचे नंबर रोवलेले, आणि बऱ्याच नंबरांजवळ झाडच नव्हतं. व्यापाऱ्यांचं नशीब थोर, त्यांच्या नंबराला गुडघ्याएवढं रोप होतं. अण्णांनी त्यांचा दंड धरून त्यांना त्या रोपाशेजारी उभं केलं. "दमला असशीला. ऱ्हावा जरा सावलीला." आणि खरोखर पाच मिनिटं त्या अवाढव्य माणसाला टळटळीत उन्हात तसंच उभं ठेवलं. लग्नाचे पैसे तेवढे वाचले.

हे सगळं लोक हसून सांगतात, मीही सांगते. पण विरूअण्णा म्हटलं की मला आठवतं ते वेगळंच.

शिरोलीला दोघा भावांची फौंड्री होती. थोरले आप्पासाहेब आणि धाकटे राजाभाऊ. अण्णांनी बँक सोडली तेव्हा कुणी त्यांना दारात उभं करत नव्हतं. आप्पासाहेबांनी पहिला चेक दिला. नुसता दिला नाही, आणखी चार कारखानदारांना फोन करून सांगितलं, "आपला विरू येतोय, त्याचं आयका." अण्णांचं बस्तान बसलं ते त्या चार फोनांवर. ते हे कधी विसरले नाहीत, आणि तिथंच सगळं चुकलं.

भाऊभाऊ कमाईतला काही हिस्सा दरसाल बाजूला काढत. निम्मा थोरल्याचा, निम्मा धाकट्याचा. पहिल्या वर्षी फॉर्म भरायला अण्णा फौंड्रीत गेले, तेव्हा राजाभाऊंनी आपला चेक पुढं सरकवला आणि म्हणाले, "दादांचंच नाव घाला. माझं कशाला? घर एकच हाय की." आपल्याकडे थोरला असताना धाकट्यानं स्वतःचं नाव पुढं करणं बरं दिसत नाही. मालमत्तेच्या कागदावर, देवळाच्या पावतीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे पहिलं नाव थोरल्याचं. फॉर्मवरही तेच आलं. आप्पासाहेबांचं एकट्याचं नाव, आणि वारसाच्या रकान्यात त्यांच्या बायकोचं. राजाभाऊ कुठंच नव्हते, त्यांच्या बायकोचा तर प्रश्नच आला नाही.

आणि त्या एका घरात अण्णांनी परीक्षा घेतली नाही. ज्यानं पहिला चेक दिला त्याला 'बाहेर जाऊन बसा' कसं म्हणायचं? दर वर्षी त्यांनी ठरवलं आणि दर वर्षी जीभ रेटली नाही. आठ-नऊ वर्षं असेच फॉर्म भरले गेले.

मग एका सकाळी राजाभाऊ फौंड्रीत उभ्या उभ्या कोसळले. दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय पंचेचाळीसही नसेल. मागं बायको सुमनवहिनी आणि दहावीतली मुलगी अश्विनी.

तेराव्यानंतर अण्णा माझ्याकडे आले आणि हे सगळं पहिल्यांदा बोलले. मी सरळ सांगितलं, "कागदावर सगळं आप्पासाहेबांचं आहे."

"निम्मे चेक राजाभाऊच्या खात्यातनं गेल्यात की."

"मग कोर्टात दाखवता येईल. काही वर्षं जातील."

अण्णा तसेच वहिनींकडे गेले. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावजींच्या इरोधात मी कोर्टाची पायरी चढनार न्हाय, अण्णा. ह्यास्नी ते आवडलं नसतं." विषय तिथं मिटला.

आप्पासाहेब वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण त्यांना खलनायक करून मोकळा होतो. वहिनींच्या घरी किराणा जात होता, अश्विनीची फी जात होती, दिवाळीला पातळ जात होतं. अण्णा विषय काढत तेव्हा ते मनापासून विचारत, "तिला काय कमी केलंय आमी? पैसा घरातच हाय की." खरंच काही कमी नव्हतं. फक्त प्रत्येक गोष्ट मागावी लागत होती. अश्विनीला पुण्याला जाऊन आर्किटेक्ट व्हायचं होतं, आणि ते मागायला वहिनींचा धीर होत नव्हता.

दोन वर्षं अण्णा फौंड्रीच्या चकरा मारत राहिले. दर वेळी चहा मिळायचा आणि उत्तर तेच मिळायचं. मग आप्पासाहेबांच्या मुलांनी नवी भट्टी घालायची काढली. मोठं कर्ज, शिवाय घरातली सगळी गुंतवणूक मोडून त्यात. मोडण्याच्या फॉर्मवर आप्पासाहेबांची सही होऊन तो अण्णांकडे आला. एजंटचं काम एवढंच, की तो पुढं पोचवायचा.

अण्णांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

मला हे कळलं ते आठव्या दिवशी. त्या आठवड्यात त्यांच्या फेऱ्यांनी माझं डोकं उठलं होतं. पॅसेजच्या टोकाला जायचे, परत यायचे, ड्रॉवर उघडल्याचा आवाज, बंद केल्याचा आवाज, परत फेऱ्या. माझा एक अशील वैतागून म्हणाला, "मॅडम, शेजारी कुणाचं बाळंतपण हाय का?" त्या दिवशी त्यांचा फोन वाजला आणि दोन्ही दारं उघडी असल्यानं मला ऐकू आलं. ते फौंड्रीवाल्यांना सांगत होते, "सही जुळंना म्हणून परत आलंय. करतो, करतो."

असलं खोटं विरूअण्णा बोलतील यावर माझा विश्वास बसेना. मी उठून त्यांच्या दाराशी गेले.

"अण्णा, फॉर्म कुठं आहे?"

त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवला.

"हा तुमचा पैसा नाही. सही ज्याची, शब्द त्याचा. आजच्या आज पोचवा, नाहीतर त्यांना परत करा. उद्या तुमचं लायसन जाईल."

"दिला की सगळं भट्टीत गेलं, अक्का."

"जाऊ दे."

"राजाभाऊचं पण?"

मी चिडले होते. म्हणाले, "ते तेव्हा बघायचं होतंत. फॉर्म भरताना."

त्यांनी ड्रॉवर लावला. "व्हय," एवढंच म्हणाले. ते वाक्य मी बोलायला नको होतं. खरं होतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला साक्षीला म्हणून शिरोलीला घेऊन गेले. मी नको म्हणत होते, पण त्यांना एकटं सोडायची भीती वाटली. ऑफिसात आप्पासाहेब आणि त्यांचा थोरला मुलगा होता. अण्णांनी फॉर्म टेबलावर ठेवला.

"आप्पासाहेब, सही जुळत न्हाय म्हटलं ते खोटं. कागद आठ दिवस मीच दाबून ठेवलाय."

मुलगा ताडकन उठला. आप्पासाहेबांनी त्याला हातानं बसवलं.

"पर त्याच्या आदी एक चूक केलीया मी, ती मोठी हाय," अण्णा म्हणाले. "गावातल्या सगळ्या घरांत मालकाला बाहेर घालवून मी बायकास्नी इचारलं. तुमच्या घरात इचारलं न्हाय. तुमी मला उभं केलतं, म्हणून तुमच्यापुढं त्वांड उघडलं न्हाय. माझ्या भिडंपायी राजाभाऊच्या बायकोचं नाव ऱ्हायलं. फॉर्मवर जे लिवलंय ते तुमी वाचताय. मी ते लिवताना बघितलंय. त्यातलं निम्मं त्यांचं हाय."

यंत्रांचा आवाज चालू होता. आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला होता.

"माझा कागद आठ दिवस दाबलास," ते म्हणाले. "मी पोटच्या पोरापरीस तुझ्यावर इस्वास टाकलता, विरू. नीघ. पुन्ना ह्या दारात पाय ठेवायचा न्हाय."

पुढच्या दोन महिन्यांत अण्णांचं दुकान उठलं. कागद दाबणारा एजंट ही बातमी शाहूपुरीतून लक्ष्मीपुरीत जायला वेळ लागत नाही, आणि ती खोटीही नव्हती. ज्यांना त्यांनी सागातून वाचवलं, तेजीतून वाचवलं, त्यांनी एकेक करून फायली मागून नेल्या. अण्णा कुणाला काही समजावत नसत. फाईल काढून देत, वर पावती घेत. मला त्या लोकांचा राग आला, आप्पासाहेबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त अण्णांचा आला. इतकी अक्कल असलेल्या माणसानं एका भिडेपायी वहिनींचं आणि स्वतःचं वाटोळं करावं, एकदा बोलायच्या वेळी गप्प राहून आणि एकदा खोटं बोलून. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आणि एका दुपारी आप्पासाहेब माझ्या ऑफिसचा जिना चढून आले. गाडी नाही, पोरं बरोबर नाहीत, रिक्षानं. समोर अण्णांच्या लोटलेल्या दाराकडे बघितलं नाही. खुर्चीत बसले, पाणी प्याले.

"मॅडम, बक्षीसपत्र करायचं हाय. भावजयीला. निम्मं."

मी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. तेच मग बोलत राहिले, टेबलाकडे बघत. "त्याला हाकलून घरी गेलो तर जेवाण जाईना. राजानं पहिला चेक दिला त्याच्या आदल्या राती मला काय म्हणालता ठावं हाय? दादा, तुमचं नाव घाला, माझी पोरगी तुमचीच हाय की. मी व्हय म्हणालतो." त्यांनी पेला बाजूला सारला. "पोरांस्नी सांगितलंय, भट्टी घाला, बारकी घाला."

सही करून उठताना म्हणाले, "विरूला कळवू नका. त्याचं नाव बी कुठं नको ह्यात."

मी हो म्हटलं, आणि ते रिक्षात बसल्याबरोबर मी समोर कळवायला गेले. काही शब्द मोडण्यासाठीच असतात असं माझं तेव्हाही मत होतं.

अण्णा कपाट रिकामं करत होते. महिनाअखेरीला जागा सोडणार होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली फाईल ठेवली, परत उचलली.

"आता बँकेत खातं काढशीला. पहिलं नाव कुणाचं?"

"सुमनवहिनींचं. दुसरं अश्विनीचं."

त्यांनी डोळे पुसले, उघडपणे, शर्टाच्या बाहीनं. आणि लगेच खोलीत फेऱ्या सुरू झाल्या.

"त्यास्नी सांगा, अक्का, सहा महिने पैसा हालवायचा न्हाय. हाय तसा पडू द्या. आता वास लागंल. पतसंस्थावाला येईल, प्लॉटवाला येईल, माहेरचं कोणतरी येईल. पोरीच्या शिक्षणाचं तेवढं काढून ठेवायचं, आन बाकी कुणी बी आलं तर चहा द्यायचा आन वाटंला लावायचं. कुणी बी असू दे."

"आणि तुम्ही आलात तर?" मी चेष्टेनं म्हटलं.

"मी आलो तर चहा बी द्यायचा न्हाय."

ते हसतील म्हणून मी थांबले. ते हसले नाहीत. फायलींचा गठ्ठा काखेत मारून जिना उतरले आणि शाहूपुरीच्या गर्दीत, कुणाची तरी राहिलेली फाईल परत द्यायला, भराभरा निघून गेले.